मिंगोच्या कपाला अटक

ये पोरी, अशी जवळ बस. कोळंबी सोलता सोलता ऐक. शेरीफच्या, म्हणजे खाडीपलीकडच्या पोलीसप्रमुखाच्या, ऑफिसने आपल्या बेटावर पहिली मोठी चोरी कशी पकडली, ती गोष्ट सांगते. मी तिथे होते, आणि हसू दाबून दाबून माझ्या बरगड्या दुखल्या होत्या.

ते ऑफिस येण्याआधी वॉसामो बेटावर कायदाच नव्हता, असं खाडीपलीकडचे लोक म्हणतात. म्हणोत बापडे. कायदा होता, आणि तो प्रार्थनाघरात होता. कुणाचं डुक्कर कुणाच्या रताळ्यांत शिरलं, कुणी कुणाच्या पिंजऱ्यातले खेकडे काढले, की दोघांना पुढच्या बाकावर बसवायचं आणि सगळं ऐकून घ्यायचं. भांडण मिटेपर्यंत त्या दोघांनी गायचं नाही. बाकीचे गाताहेत, लाकडी जमिनीवर टाचांचा ठेका चालू आहे, आणि आपण तोंड मिटून बसायचं! याहून कडक शिक्षा मला तरी सुचत नाही. भलेभले दुसऱ्या गाण्यालाच हात मिळवून मोकळे व्हायचे. आपली जुनी माणसं याला न्यायाचा कायदा म्हणायची. शेरीफचा तो अन्यायाचा.

मग उत्तरेच्या किनाऱ्यावर गोल्फवाले आले. त्यांना हिरवळ हवी होती, ती मिळाली. मग त्यांना भीती वाटायला लागली. कशाची, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं, पण भीती वाटली की शेरीफला फोन करायचा ही त्यांची रीत. शेरीफ मतांवर निवडून येतो, आणि निवडणूक तोंडावर होती, म्हणून त्याने धक्क्याजवळ एक पत्र्याचं ऑफिस आणून ठेवलं. त्यावर झेंडा, आत गार हवेचं यंत्र, आणि एकच रस्ता असलेल्या बेटावर दोन मोटारी. चालवायला माणूस मात्र एकच, डेप्युटी रँडल टिस्डेल.

बिचाऱ्याला काम नव्हतं. सकाळी तो रस्त्याच्या या टोकाला जायचा, दुपारी त्या टोकाला. एकदा त्याने भोंगा वाजवत आपल्या केटोकाकांचा ट्रॅक्टर अडवला, मागचा दिवा नाही म्हणून. काका म्हणाले, "बाळा, माझ्या मागे येणारा या बेटावर तू एकटाच आहेस, आणि तुला तर मी दिसलो." केटोकाका म्हणजे आपल्या प्रार्थनाघराचे पुढारी. त्यांनी साध्या आवाजात बोलायला सुरुवात केली, की बोलणं कधी गाणं होऊन जायचं ते कळायचंही नाही. मी त्यांची किती प्रवचनं ऐकली असतील! अजून पोट भरलेलं नाही.

खाडीपलीकडून शेरीफ रोज विचारायचा, "टिस्डेल, गुन्हा कुठाय?" असा रोज ताप झाल्यावर माणूस शोधणारच. शोधता शोधता तो ओकच्या राईतल्या आपल्या कबरस्तानात पोचला. आपण आत जाताना फाटकाशी थांबतो, मेलेल्यांची परवानगी मागतो. हा बुटांसकट सरळ आत! आणि बघतो तर काय, प्रत्येक कबरीवर कप, बशा, घड्याळं, कंदील, चष्मे, औषधाच्या बाटल्या.

आता तुला सांगायला नको की माणसाने शेवटचं जे हातात धरलं ते त्याच्या कबरीवर ठेवतात, म्हणजे तो ते मागायला घरी परतत नाही. पण टिस्डेलच्या डोक्यात एकच उजेड पडला: चोरांनी लपवलेला माल! सगळं खोक्यांत भरून नेलं. दुसऱ्या दिवशी शेरीफ स्वतः बोटीने आला, खोक्यांवर हात ठेवून फोटो काढून घेतला. वर्तमानपत्रात छापून आलं, बेटावरच्या घरफोड्यांचा छडा. आपल्या घरांना तर कुलपंच नव्हती! फोडायचं काय?

लोक हसले. हसली नाही ती बायनाआत्या.

तिचा नवरा मिंगो वसंतात गेला होता. शेवटचा घोट त्याने निळ्या, कडेला टवका उडालेल्या कपातून घेतला, तिच्याच हातून. तो कप तिने स्वतः कबरीवर ठेवला होता. तो उचलल्यापासून रोज जेवणवेळी मिंगो स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहायला लागला.

"काही बोलत नाही गं," ती मला म्हणाली, "नुसता हातांकडे बघतो. दुसऱ्या कपात पाणी दिलं तर मान हलवतो. पन्नास वर्षं राबला, आता तरी टेकू दे त्याला." आत्याच्या घशाखाली घास उतरेना. महिन्याभरात तिचा झगा अंगावर सैल झाला.

म्हणून आम्ही दोघी ऑफिसात गेलो. ती एवढी गार खोली, की आत्या शाल घट्ट ओढून बसली.

टिस्डेल म्हणाला, "बोला मावशी."

"मी कुठली रे तुझी मावशी? तुझी आई आणि मी एका ताटात जेवलो नाही कधी. माझा कप दे."

"तुमचा आहे?"

"मिंगोचा."

"मग त्यांना यावं लागेल."

"तो जिथे आहे तिथूनच तू कप उचलून आणलास, लेका."

टिस्डेलने कान खाजवला. मग दार नीट लागलंय ना बघितलं आणि आवाज उतरवून म्हणाला, "हे बघा, मी सोपं करून देतो. कप घरातून चोरीला गेला अशी तक्रार द्या. कुणाचा संशय आहे तेवढं सांगा. एखादा उनाड पोरगा असेलच की? लगेच कप घेऊन जा."

"चोरी झालीच नाही."

"तसं म्हणून कसं चालेल! साहेबांनी पेपरात सांगून टाकलंय. चोरी झालीच पाहिजे."

तो कप दारापलीकडच्या खोलीत होता. एक खोटा शब्द, एका पोराचं नाव, आणि मिंगो निजला असता. मी आत्याकडे बघितलं. खरं सांगते, मला वाटलं तिने म्हणावं. तिचे ओठ हलत होते; ती बहुधा प्रार्थना करत होती, किंवा मिंगोला विचारत होती.

मग ती उठून उभी राहिली. "लिही. तो कप माझ्या घरातून मी नेला. कुणाला विचारलं नाही. राईत नेऊन ठेवला. तुझा चोर मी."

टिस्डेलचा चेहरा असा उजळला जसा काही त्याला पगारवाढ मिळाली! पाऊण वर्षात पहिला कबुलीजबाब. ऐंशीच्या म्हातारीला त्याने कायद्याने काय काय सांगायचं असतं ते सगळं वाचून दाखवलं. आता कोंडायचं कुठे? ऑफिसात कुलूप असलेली खोली एकच, जप्त मालाची. तिथेच कोंडलं. मालाच्या खोलीत चोर ठेवणारं ऑफिस मी तरी दुसरं पाहिलं नाही.

मी धावत जाऊन केटोकाकांना गाठलं. तासाभरात सगळं प्रार्थनाघर ऑफिससमोर उभं राहिलं. कुणी ओरडलं नाही. काका बोलायला लागले, साधंच, हवापाण्यावर बोलावं तसं. मग आवाजाला हेल आला, वाक्याच्या शेवटी श्वास वाजायला लागला, आणि आमच्या टाचा आपोआप जमिनीवर पडायला लागल्या.

"किल्ली कुणाच्या हातात?"

"प्रभूच्या!"

"कबरीची किल्ली कुणाच्या हातात?"

"प्रभूच्या हातात!"

खिडकीत टिस्डेल उभा होता. दर वेळी किल्ली म्हटलं की तो खिसा चाचपायचा.

आतून आत्याचा आवाज आला, आमच्या गाण्याला उत्तर देणारा. आणि असा भरलेला आवाज, जो महिन्याभरात मी ऐकला नव्हता! नंतर तिने सांगितलं, की खोक्यांतून तिने एकेकाचं सामान काढलं, पुसलं, नाव घेऊन मांडलं. तिची आई होती तिथे, बहिणीचा चष्मा होता. कपात नळाचं पाणी भरून तिने दारापाशी ठेवलं. मिंगो आला, बसला.

गाणं ऐकून गोल्फवाले आपल्या छोट्या गाड्यांतून आले. त्यांना वाटलं पाहुण्यांसाठी कार्यक्रम आहे. टाळ्या वाजवल्या, फोटो काढले. एका बाईने विचारलं, "आत गाणाऱ्या बाई कोण?" मी सांगितलं, "चोर. स्वतःच्या नवऱ्याचा कप चोरलाय." ती बाई लाल झाली. तिचा नवरा शेरीफच्या प्रचाराला पैसे पुरवणारा निघाला. मग काय, ऑफिसातला फोन वाजला, आणि टिस्डेल "हो साहेब" खेरीज काही बोललाच नाही.

त्याने दार उघडलं. "जा मावशी. गुन्हा झालाच नाही म्हणे."

"मी एकटी जात नाही," आत्या म्हणाली. "माझ्याबरोबरचे सगळे निघतील."

त्या दोन मोटारींना बेटावर पहिल्यांदाच खरं काम मिळालं. टिस्डेलने खोकी वाहिली, एक खेप या मोटारीने, एक त्या मोटारीने. आम्ही फाटकाशी थांबून परवानगी मागितली. तो खोकं घेऊन अवघडून मागे उभा राहिला, पुढे जावं की नाही त्याला कळेना. निळा कप मिंगोच्या उशाशी आत्याने स्वतः ठेवला, आणि त्या दिवशी माझ्या घरी दोन वाट्या भात जेवली.

शेरीफ निवडून आला, हेही सांगायला हवं. ऑफिस आहे तिथेच आहे.

आत्या दोन वर्षांनी गेली. जाण्याआधी तिने एकच मागितलं: "त्या डेप्युटीचं नाव प्रार्थनेत घेत जा. त्याच्या माणसांना तो कशातून पाणी पितो हेसुद्धा ठाऊक नसेल गं, उद्या त्याच्या कबरीवर ठेवतील काय?" मी खूप प्रयत्न केला. देवाची शपथ, नाव घेतलं की मला तो खिसा चाचपताना दिसतो आणि प्रार्थनेचं हसू होतं. तुझं मन अजून स्वच्छ आहे. तेव्हा पोरी, आज डोळे मिटशील तेव्हा माझ्या वाटचं तू कर. रँडल टिस्डेलची आठवण ठेव.