जवानिसची शेगडी

पायाकुंबुह गावात कुणाचं लग्न ठरलं की सोयऱ्यांच्या आधी जवानिसला निरोप जायचा. अंगणात लाकडाच्या जाळावर मोठमोठ्या कढया चढायच्या आणि नारळाच्या दुधात म्हशीचं मांस आटून आटून काळसर कोरडं होईपर्यंत ही बाई हातातलं उलथनं खाली ठेवायची नाही. हाताखाली बायका राबायच्या, पण मीठ टाकायचं ते तिनंच. वय झालं तशी लग्नाची कामं सुटली. घरातल्या दोन बर्नरच्या शेगडीवर मात्र तिचंच राज्य होतं.

मुलगी युस्मैनी. तिला सगळे मैनीच म्हणत. ती जवळच्या प्राथमिक शाळेत शिकवायची. तिचा नवरा लांबच्या मेदान शहराच्या बसवर ड्रायव्हर, त्याचे पाय घराला अधूनमधूनच लागायचे. तेव्हा घरात काय त्या मायलेकीच.

एकदा दुपारी मैनी शाळेतून आली तर फाटकातच करपट वास आला. ती धावत आत गेली. पातेल्यातला फणस कोळसा झाला होता. नारळाचं दूध उतू जाऊन शेगडीभर पसरलं होतं आणि आचेनं त्याचा काळा थर धरला होता. खाली गॅस अजून जळतच होता. तिनं तो बंद केला आणि मागच्या दारी गेली. आई ओट्यावर शेंगा निवडत निवांत बसली होती.

"आई, गॅसवर काय ठेवलं होतंस?"

"मी? काही नाही." जवानिस उठून आत आली. शेगडीकडे बघता बघता तिचा चेहरा उतरत गेला. "हे कुणी केलं?"

तो चेहरा मैनीला बघवेना. सगळ्या गावाला जेवू घातलेली ही बाई, आणि आता चोरी पकडली गेल्यासारखी उभी. मैनीच्या तोंडून निघून गेलं, "मीच गं. सकाळी जाताना ठेवलं आणि विसरले."

जवानिसच्या जिवात जीव आला. "विसरलीस? घर जाळशील एक दिवस! पोरांना अक्कल शिकवतेस, स्वतःसाठी थोडी शिल्लक ठेव की!"

मैनीनं मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं. खरं सांगायचं तर ते ऐकताना तिला बरंच वाटलं. आई आईसारखी बोलत होती.

मग ती कामाला लागली. जाळ्या आणि बर्नरच्या टोप्या साबणाच्या कढत पाण्यात बुडवल्या. काळ्या थरावर खायचा सोडा भुरभुरला आणि गरम पाण्यात पिळलेलं फडकं त्यावर पसरून ठेवलं. लहानपणी आईनंच सांगितलं होतं, घाई करून तारेच्या घासणीनं खरवडलंस तर पत्र्यावर ओरखडे उठतात, आणि पुढचं दूध बरोबर त्याच ओरखड्यांत जाऊन बसतं. थर मऊ झाल्यावर तिनं करवंटीच्या कडेनं तो हलके हलके काढला. शेवटी लिंबाची फोड फिरवली. शेगडी लखलखली. पातेलं मात्र कामातून गेलं होतं, ते केळीखाली पुरावं लागलं.

पुढे हे वरचेवर होऊ लागलं. कधी पेज उतू जायची, कधी नारळाचं दूध. सगळ्यात वाईट गुळाचा पाक. तो पत्र्याला काचेसारखा चिकटून बसायचा आणि मैनीच्या नखांची वाट लागायची. प्रत्येक वेळी आई विचारायची, "हे कुणी केलं?" आणि प्रत्येक वेळी मैनी म्हणायची, "मीच." शाळेतून मधल्या सुट्टीत सायकल मारत घरी यायचं, गॅस बघायचा आणि धापा टाकत परत जायचं, अशी सवय तिनं लावून घेतली. वर जवानिस कुंपणावरून शेजारच्या रोस्नाला सांगायची, "आमच्या मैनीचं हल्ली कशात लक्ष नाही गं. या वयात कुणाच्या प्रेमात पडली की काय, अल्ला जाणे!" दोघी खिदळायच्या. आत मैनी करवंटी घेऊन शेगडी खरवडत असायची.

रोजे तोंडावर आले तसा थोरला भाऊ झुल्हेन्द्री पेकनबारूहून आला. रोस्नाच्या तोंडात तीळ भिजत नसे. जेवताना त्यानं विषय काढलाच.

"मैनी, काय ऐकतोय मी? म्हणे रोज काहीतरी जाळतेस?"

"होतं कधीकधी, दादा."

"कधीकधी? घरात म्हातारं माणूस आहे. तिच्या जिवाशी खेळतेयस, कळतं का तुला?"

मैनीनं आईकडे पाहिलं. जवानिस ताटातला भात चिवडत होती. एका वाक्यात सगळं सांगता आलं असतं. मैनी घोटभर पाणी प्यायली आणि म्हणाली, "लक्ष ठेवीन."

रोज्यांच्या आदल्या दिवशी शाळा लवकर सुटली. दादा मांस आणायला बाजारात गेला होता. मैनी घरात शिरली तर स्वयंपाकघराचं दार लोटलेलं. तिनं ते ढकललं.

जवानिस शेगडीवर ओणवी झाली होती. हातात तारेची घासणी होती, आणि आजवर दुसऱ्यांना वापरू दिली नाही तीच घासणी ती जीव खाऊन फिरवत होती. गुळाचा पाक उतू गेला होता. पत्र्यावर ओरखडेच ओरखडे. तिचं एक नख मुळापासून तुटलं होतं आणि बोटाचं रक्त साबणात मिसळत होतं. जळकी कढई ओट्याखाली पोत्याआड सारलेली.

"आई, राहू दे. मी करते."

"तू येण्याच्या आत व्हायला हवं होतं," जवानिस वर न बघता म्हणाली. "परवा पुसून झालं होतं. त्याच्या आधीही एकदा झालं होतं. तुला कळलं नाही."

मैनी तिथंच खाली बसली. "तुला माहीत होतं?"

"फणस जळला त्याच दिवशी. सकाळी ठेवलेलं दुपारपर्यंत जळत राहिलं असतं तर पातेल्याला भोक पडलं असतं, मैनी. मला शिकवतेस? उभा जन्म चुलीपुढे गेला माझा."

"मग मला का बोलायचीस?"

जवानिसनं घासणी खाली टाकली. मग हळूच म्हणाली, "तू 'मीच' म्हणालीस ना, की वाटायचं, असेलही. पोरीची चूक असेल. खूप वाटायचं गं, तुझीच असावी."

मैनीनं तिचा हात हातात घेतला आणि ओल्या फडक्यानं बोट बांधू लागली. दारात झुल्हेन्द्री उभा होता, हातात मांसाची पिशवी. किती ऐकलं होतं कोण जाणे.

"ये, झुल," जवानिस म्हणाली. "हिनं काही जाळलं नाही कधी. सगळं मी जाळलं. आता तिला बोललास ते परत घे."

त्यानं पिशवी खाली ठेवली. "आई, तू चल माझ्याकडे. पेकनबारूला चांगले डॉक्टर आहेत."

"डॉक्टर दाखव. येईन. पण राहणार इथेच. आपल्यात घर लेकीचं असतं. माझी आई याच घरात गेली, मीही इथूनच जाणार. तू पाहुणा, पाहुण्यासारखा ये." एवढं बोलून ती ओणवी झाली, सिलिंडर बंद केला, वरचा रेग्युलेटर खटकन काढला आणि मैनीच्या हातात दिला. "शाळेत जाताना हा बरोबर नेत जा. मी मागितला तरी द्यायचा नाही. शिव्या दिल्या तरी नाही."

मैनीला रडू आवरेना. जवानिस रडली नाही. तिनं सोड्याची डबी मुलाकडे सरकवली. झुल्हेन्द्री जमिनीवर मांडी घालून बसला, करवंटी हातात घेतली आणि बहिणीनं सांगितलं तसं पाकाचा थर काढू लागला. त्याला ते नीट जमत नव्हतं. कुणी त्याला हसलं नाही.

रोज्यांच्या महिन्यात मैनी शाळेतून आली की दोघी मिळून रांधायच्या. जवानिस स्टुलावर बसून सांगायची आणि मैनी करायची. कधी आई सगळं बिनचूक सांगायची, अगदी कढईचा आवाज ऐकून, "आता आच कमी कर." कधी मीठ टाकून झाल्यावर पुन्हा मीठ टाकायला लावायची. मैनी "हो" म्हणायची आणि रिकामी चिमूट कढईवर फिरवायची. दोनदा जवानिसनं रेग्युलेटरवरून आकांडतांडव केलं, मुलीला चोर म्हणाली, तिची पिशवी उलटीपालटी केली. मैनीनं तो दिला नाही. संध्याकाळी आईला त्यातलं काही आठवत नव्हतं.

ईदच्या सकाळी घर माणसांनी भरलं. झुल्हेन्द्री बायकोमुलांना घेऊन आला होता. मांस मैनीनं रांधलं होतं. पाहुण्यांनी जवानिसला शाबासकी दिली तेव्हा ती म्हणाली, "मला काय सांगता? माझ्या लेकीनं केलंय." मैनी तेवढं ऐकून आत निघून गेली.

दुपारी पाहुणे पांगले. झुल्हेन्द्री आईच्या पायाशी येऊन बसला. तिनं त्याच्याकडे निरखून पाहिलं, मग ईदच्या भेटीला आलेल्या परक्या माणसाकडे बघावं तसं हसली.

"तुम्ही कुणाकडचे?"

त्याच्या बायकोनं तोंडावर हात धरला. झुल्हेन्द्री हलला नाही. "मी झुल, आई. पेकनबारूहून आलोय."

"एवढ्या लांबून!" जवानिसनं आत हाक मारली. "मैनी, पाहुण्यांना वाढ गं." आणि त्याच्या हातावर हात ठेवून म्हणाली, "जेवल्याशिवाय जाऊ नका हो."

"नाही जात," तो म्हणाला, आणि मैनीनं ताट आणेपर्यंत तिथंच बसून राहिला.