नळीतला दमा

पूनम सागरमधल्या आमच्या सोसायटीच्या हॉलबाहेर चपलांचा ढीग जिन्यापर्यंत आला होता. आत महाराज पेशंटवरून एक चमकता पांढरा दगड ओवाळून घेत आणि कोरड्या काचेच्या नळीत घालून दिव्यावर धरत. नळीच्या वरच्या टोकाला थेंब जमायचे.

"देखो, दमा पाणी बनून निघतोय. अब पंप बंद."

दृष्ट काढून तुरटी तव्यावर टाकणाऱ्या आमच्या बायकांना हे लगेच पटलं. फुगलेल्या तुरटीत नजर लावणारीचं तोंड दिसतं, मग दगडातून दमा का नाही निघणार?

आज माझ्या पायलची पाळी होती. तिचा दम्याच्या औषधाचा पंप सासूबाईंनी पर्समध्ये टाकला होता. दुसरा मी खिशात ठेवला होता, पण मी ऑफिसला गेले की पायल त्यांच्याकडेच असते. त्यांना पटल्याशिवाय उपयोग नव्हता.

काल महाराजांचा दगड पाहिला तेव्हाच मला संशय आला होता. असेच दगड राई गावाजवळ टॉवरच्या बांधकामावर, खडीच्या ढिगात दिसले होते.

मी महाराजांचा दगड मागून घेतला, स्वतःच पायलवरून ओवाळला आणि त्यांच्या हातात दगड ठेवला; त्यांनी तो नळीत घालून तापवला. थेंब आले.

"निकल गया," महाराज म्हणाले.

"कुणाचा?" मी मूठ उघडली. "पायलवरून ओवाळलेला दगड हा. नळीत आहे तो मी सकाळी खडीतून काढलाय. त्याला दमा कधी झाला?"

मागून कोणीतरी हसलं.

"बहनजी, मन में शंका हो तो..."

"तर मग तुमच्याकडचाच तापवा. न ओवाळता, दुसरा एखादा."

महाराज नळी पुसत राहिले.

"बी.एस्सी.ला भूशास्त्र होतं मला," मी सासूबाईंकडे वळले. "आपला सह्याद्री लाव्हाच्या थरांचा आहे, आई. लाव्हा थंड होताना वायूचे बुडबुडे आत अडकले, पोकळ्या राहिल्या. पुढे पाणी झिरपून त्यांत हे स्फटिक वाढले. पाणी त्यांच्या आतच असतं, तापवलं की सुटतं."

"आणि माझी तुरटी?"

"तिच्यातही पाणीच. म्हणून फुगते."

सासूबाईंनी पर्स उघडली आणि पंप पायलच्या हातात दिला. "ओढ गं, बाळा. शिट्टी वाजतेय छातीत."

कुणी तुमच्या लेकराचा आजार बाहेर काढून दाखवू लागला, तर एवढंच म्हणा: लेकराला बाजूला बसवा आणि हेच पुन्हा करून दाखवा. तेव्हाही तेच निघालं, तर ते लेकरातलं नव्हतंच; औषध मात्र थांबवू नका.