चारशे बारा दिवसांची पाटी

ए, तो कॅमेरा खाली घे आधी! तुलाच बोलतेय मी, भिंतीवरची पिवळी पत्र्याची पाटी. बंद कारखान्यात शिरून मोडक्या मशिनींचे फोटो काढणारी तुझ्यासारखी माणसं मला डोळ्यांसमोर नकोत. मेल्याच्या टाळूवरचं लोणी खाणारे सगळे!

माझ्यावर काळ्या अक्षरांत लिहिलंय, 'अपघाताविना दिवस'. खाली तीन खिळे. रोज सकाळी हजेरीबाबू त्यांवर पत्र्याचे आकडे टांगायचा. अपघात झाला की पुन्हा शून्यापासून सुरुवात, असा नियम. कामगार येताजाता माझ्याकडे बघायचे आणि मीही मोठ्या तोऱ्यात असायचे.

दोनशे त्रेसष्टाव्या दिवशी समोरच्या रबर लाटायच्या मशिनमध्ये एका कामगाराचा हात गेला, पार कोपरापर्यंत. बाबूने शून्य हातात घेतलं, तेवढ्यात मॅनेजर आला.

"काय करतोयस? सोमवारी सुरक्षेचं बक्षीस द्यायला पाहुणे येतायत. उद्या दोनशे चौसष्ट लागले पाहिजेत."

"साहेब, त्याचा हात..."

"सायकलवरून पडला तो. फाटकाबाहेर. कळलं?"

बाबूला कळलं. सगळ्यांचीच अळीमिळी गुपचिळी. पाच महिन्यांनी कारखाना बंद पडला, तेव्हा माझ्यावर चारशे बारा होते.

आणि मगाशी तू मैत्रिणीला घेऊन आलास. "काय भारी गंजलीय! हिच्याखाली उभी राहा," म्हणून खिदळलास. ती हसली नाही. बोटांवर महिने मोजत होती.

"आजोबा म्हणतात, कारखाना बंद व्हायच्या पाच महिने आधी मशिनने हात नेला," ती म्हणाली. "घरात सगळे म्हणतात, पिऊन सायकलवरून पडले. मी एकटीच त्यांच्या बाजूने भांडायचे. पण पाच महिने म्हणजे दीडशे दिवस. इथे तर चारशे बारा आहेत."

"मग?"

"मग काय! खोटं बोलले. माझ्याशीसुद्धा."

मी जीव तोडून ओरडले. पण पत्र्याला कुठला आवाज! तोंड दाबून बुक्क्यांचा मार. तिने माझा फोटो काढला, आजोबांना पाठवला आणि डोळे पुसत बाहेर गेली. त्या मशिनकडे वळूनही पाहिलं नाही तिने.

बाहेर तिचा फोन वाजतोय, ऐकू येतोय ना? तिसऱ्यांदा वाजतोय. म्हातारा उरलेल्या एका हाताने लावत असेल, आणि ती उचलत नाहीये. जा, पळ, अजून फाटकापाशीच असेल ती. सांग तिला, आजोबा खरं बोलतात, खोटारडी मी आहे.

अरे जा ना! लेन्स काय पुसत बसलायस?