कागदावरची तहान

दर पाच वर्षांनी आमच्या खोऱ्यातली सात शहरं जलमंडळाला लिहून कळवतात, की पंचवीस वर्षांनी आम्हाला किती पाणी लागेल. लास मोरासच्या नगरपालिकेत हा आकडा वीस वर्षं मी काढते, आणि वीस वर्षं तो फुगवते. सगळेच फुगवतात. मंडळाचा लाइल होकामा त्यातलं पंधरा टक्के न विचारता छाटायचा. आम्ही फुगवायचं, त्याने छाटायचं. रीतच पडून गेली होती.

यंदा बेरीज संगणकावर गेली आणि त्याला ही रीत ठाऊक नव्हती. सात फुगलेले आकडे जसेच्या तसे मिळवल्यावर साऱ्या खोऱ्याला पाणी देणारा तलाव अपुरा ठरला. आमच्याकडे पाचशेच्या वर घरं बांधायची तर 'पाणी पुरेल' असं मंडळाचं पत्र लागतं. संत्र्यांच्या पॅकिंग शेडमधल्या कामगारांसाठी आम्ही सहाशे घरं आखली होती. त्यांचं पत्र नाकारलं गेलं. आडात होतं, पोहऱ्यातही होतं, नव्हतं ते फक्त कागदावर, आणि कागदावर सही माझी होती. मला लाज वाटली, आणि लाजेपेक्षा राग जास्त आला.

आमच्या नगर व्यवस्थापकाने बजावलं, "आकडा कमी केलास तर दुष्काळात आपला वाटा कमी होईल. एक थेंब सोडलास तर खुर्चीही सोडून ये."

"बघते," म्हणून मी मंडळाच्या बैठकीला गेले.

सातही शहरांची माणसं बसली होती. मी आढेवेढे घेतले नाहीत. "आमच्या आकड्यात गोल्फ मैदानाभोवतीची एक वसाहत आहे. ती सतरा वर्षांपूर्वीच बारगळली. असावं गाठीला म्हणून तिचं पाणी मी धरून ठेवलं. ते काढा."

शेजारच्या हार्लन शहराचा ड्वेन प्रुइट हसला. "आज साधुत्व सुचलंय हिला. दुष्काळ पडू दे, मग येशील आमच्याच दारात."

"येईन की. पण ताकाला येऊन भांडं लपवणार नाही, ड्वेन. ती वसाहत तुझ्याही आकड्यात आहे."

होतीच. ती जमीन दोघांच्या हद्दींच्या मधोमध पडते, आणि ती आपल्याकडेच येणार असं दोन्ही शहरांनी धरलं होतं. कधी न उगवलेल्या हिरवळीला आम्ही सतरा वर्षं दोनदा पाणी घालत होतो. होकामाने नकाशा उघडला. ड्वेनने चष्मा पुसला, परत लावला.

"आमचंही काढ," तो म्हणाला. "पण आधी तिने काढलं, असं लिहून ठेव."

मग इतरांनाही एकेक गोष्ट आठवू लागली. कुणाचा साखर कारखाना बंद पडलेला, कुणाचं विमानतळ झालंच नव्हतं. जेवणाच्या सुट्टीपर्यंत तुटवडा संपला.

"मी कधी सरळ विचारलंच नाही," होकामा म्हणाला. "विचारलं असतं तर?"

"खरं सांगितलं नसतं."

दहा दिवसांत पत्र आलं. व्यवस्थापकाने ते हातात धरून फोटो काढून घेतला आणि खुर्चीचा विषय काढला नाही. घरांच्या यादीतल्या कुटुंबांना चर्चच्या हॉलमध्ये मी स्वतः बातमी दिली. तिथे ओफेलिया बारिएन्तोस होती. शेडमध्ये संत्री निवडते, तीन लेकरांसह चार वर्षं चाकांवरच्या ट्रेलर-घरात राहते. तिने माझे दोन्ही हात धरले. फुकटचे आभार मला पचत नाहीत, म्हणून सगळं सांगून टाकलं: पाणी कुणी अडवलं, कसं अडवलं.

तिने ऐकून घेतलं आणि मला आदराने 'दोन्या', म्हणजे बाईसाहेब, म्हणत विचारलं, "आणि आता, दोन्या ग्रासिएला? आता किती मागे ठेवलंय?"

बाई रोज हजारो संत्र्यांतून नासकं ओळखते. तिच्यापुढे माझी काय टाप. "थोडंसं," मी म्हणाले. "पुढची पिढी मोठी झाली की तिलाही घरं लागतील."

"मग लपवता कशाला?" ती म्हणाली. "आमच्या पोरांच्या नावाने लिहा ना."