टेम्पोतून आणलेली गाडी

विक्कीने पेचकसाचं टोक इंजिनवर टेकवलं, मूठ कानाला लावली, डोळे मिटले आणि माझ्या बापाला चोर ठरवलं. एवढं सगळं करायला त्याला चहाचा एक घोट घ्यायला लागतो तेवढाही वेळ लागला नाही. चहा त्याच्या दुसऱ्या हातात होताच.

तसा 'चोर' हा शब्द त्याने उच्चारला नाही. ही डीलर माणसं उच्चारत नाहीत. तो हसून एवढंच म्हणाला, "मॅडम, बुरा नका मानू, पण ही गाडी तुमाले भेटली तवाच नवी नव्हती. इंजन खुललेलं हाये. क्रँक बदललेला हाये, आवाजच सांगून राहिला ना. शोरूममधी ठोकलेले पीस राहतात, ते रंगवून स्वस्तात काढतात. ज्यानं घेतली त्याले माहीत असनच."

ज्याने घेतली तो माझा बाप, धोंडबा. खापरखेड्याच्या वीज केंद्रात त्याची सगळी नोकरी झाली. आठ वर्षांपूर्वी माझं लग्न ठरलं तेव्हा रोशनच्या घरच्यांनी काही म्हणजे काही मागितलं नव्हतं. मागितलं असतं तर मीच लग्न मोडलं असतं. पण बाबांनी मोटरसायकल घेतली, आणि घेतली ती माझ्या नावावर. "हे देणं-घेणं नाही," म्हणाले, "पोरीची गाडी पोरीसंग चालली." आणि ती गाडी त्यांनी चालवत आणलीच नाही. मीटर फिरू नये, पोरीला कोरी गाडी मिळावी, म्हणून टेम्पोत उभी करून, दोरांनी बांधून, सीटवरचं प्लास्टिकसुद्धा न काढता लग्नाच्या विहारापर्यंत आणली. स्वतः टेम्पोच्या मागे उभे राहून तिला धरून आले. लग्नात आलेल्या अर्ध्या लोकांनी नवरदेवाआधी गाडीच बघितली.

ती गाडी बदलायची वेळ आली ती माझ्या सासूबाईंच्या गुडघ्यांमुळे. सिंधूताईंना उंच सीटवर पाय टाकून बसता येईना. रोशनला हिंगण्याला न्यायला आता कंपनीची बस येते, आणि मी लकडगंजला एका लाकडाच्या वखारीत हिशेब बघते. म्हणजे गाडी मीच चालवणार आणि मागे बहुतेक सासूबाई बसणार. मग स्कूटरच बरी, असं सगळ्यांनी ठरवलं. आमच्या जयताळ्यापासून विक्कीचं जुन्या-नव्या गाड्यांचं दुकान जवळ. सासूबाई खास रंग निवडायला म्हणून ऑटोने आल्या होत्या. त्यांना मोरपंखी हवी होती.

मी विक्कीला म्हटलं, "ही गाडी कोणी खोललीच नाही. आठ वर्षं मी बघून राहिली."

"तुमी खोलली म्हणून कुठं म्हटलं, मॅडम? तुमाले तं मालूमच नसन." आणि त्याने जो भाव सांगितला तो ऐकून भंगारवालासुद्धा लाजला असता.

रोशन शेजारी उभा राहून हेल्मेटच्या पट्ट्याशी खेळत होता. आम्ही "विचार करून सांगतो" म्हणून निघालो. सासूबाई घरी आल्या, पाणी प्यायल्या, तांब्या खाली ठेवला आणि म्हणाल्या, "नंदिनी, तुह्या बापानं गाडी टेम्पोत काहून आणली होती वं?"

"मीटर फिरू नये म्हणून. तुमाले माहीत हाये ना, आई."

"तेच तं. तवा मले लय कौतुक वाटलं होतं." जरा थांबून त्या म्हणाल्या, "चालतच नसन म्हणून आणली असन."

आठ वर्षं ज्या गोष्टीचं या घरात कौतुक झालं, पाहुणे आले की जी गोष्ट सासूबाई स्वतः रंगवून सांगायच्या, तीच गोष्ट एका पेचकसाने उलटी केली. मी रोशनकडे पाहिलं. तो म्हणाला, "जाऊ दे ना, आई." जाऊ दे म्हणजे काय? सासऱ्याने फसवलं, पण मोठ्या मनाने जाऊ दे, असं? त्या रात्री मी त्याच्याशी बोलले नाही, आणि त्याला कारण कळलं नाही याचा मला आणखी राग आला.

दुसऱ्या दिवशी त्याने गाडी गल्लीतल्या मेकॅनिककडे नेली. मेकॅनिक म्हणाला, "काहीच नाही झालं, मस्त चालते." सासूबाई म्हणाल्या, "तो तुमच्याच ओळखीचा. तो काय म्हणन?" ओळखीच्या माणसावर विश्वास नाही आणि ज्याला गाडी पडत्या भावात ढापायची आहे त्याच्यावर आहे! आपल्या लोकांचं हे असं का होतं मला कळत नाही. कोणी आपली वस्तू चांगली म्हटली की आपल्याला शंका येते, वाईट म्हटली की लगेच पटतं.

यावरच थांबलं असतं तर मी गिळलं असतं. पण सासूबाईंनी खापरखेड्याला फोन केला. भांडायला नाही, त्या भांडखोर नाहीतच. "सहज विचारलं," म्हणाल्या.

रविवारी सकाळी बाबा बसने आले. इस्त्री केलेला पांढरा शर्ट, लग्नकार्यात घालतात तो. "जय भीम" केलं आणि खुर्चीच्या कडेवर बसले, जसे दवाखान्यात बसतात. मी पाणी दिलं. ते तसंच राहिलं.

"ताई," ते सासूबाईंना म्हणाले, "मी फसलो असीन. मी नवीच समजून घेतली होती. वरून चकाचक दिसे, बंद इंजनात काय हाये ते मले कसं दिसन? पण माह्या मनात खोट नव्हती." आणि त्यांनी हात जोडले. माझ्या सासूसमोर. माझ्या घरात.

सासूबाई गडबडून म्हणाल्या, "नाही हो भाऊ, तसं नाही..." पण 'तुमची गाडी नवीच होती' असं काही त्यांच्या तोंडून निघालं नाही. बाबा चहा न घेता गेले. जाताना गाडी अंगणातच उभी होती. तिच्याकडे त्यांनी बघितलं नाही, बाजूने वळसा घेऊन गेले.

मी त्या दिवशी स्वयंपाकघरात रडले नाही. मला रडूच येत नव्हतं, इतका संताप झाला होता. विक्कीच्या दुकानाला कुलूप लावावं, त्याचा पेचकस त्याच्याच... जाऊ द्या. संताप करून सासूबाईंना पटणार नव्हतं. त्यांना विक्कीच्याच तोंडून ऐकवायला हवं होतं.

खालच्या मजल्यावर गोविंदा राहतो. त्याने तीन महिन्यांपूर्वी विक्कीकडूनच जुनी मोटरसायकल घेतली होती आणि तेव्हापासून तेच सांगून साऱ्या गल्लीला पिडलं होतं. "एका प्रोफेसरची गाडी हाये. इंजनले हात लागला नाही. विक्कीभाऊनं आईची कसम खाल्ली." मी त्याच्याकडे गेले आणि सरळ सांगितलं की तुझी गाडी एक तास दे, माझी बहीण ती विक्कीकडे विकायला नेईल, बघू तो काय म्हणतो.

गोविंदा हसला. "न्या ना, ताई. विक्कीभाऊ तसा माणूस नाही. चांगलाच भाव देईन." चावी त्याने स्वतः माझ्या हातात दिली.

पायल, माझी धाकटी बहीण, खापरखेड्याहून आली. बाबांना काही सांगितलं नव्हतं. मी सासूबाईंना म्हटलं, "चला, आई, मोरपंखी रंग आला का पाहून येऊ." त्या खूश झाल्या. त्यांना वाटलं, सून ताळ्यावर आली. त्या ऑटोने आणि मी आमच्या गाडीवर, अशा आम्ही दोघी पोचलो आणि विक्कीच्या दुकानात नव्या स्कूटरींच्या बाजूला खुर्च्यांवर बसलो. "या मावशी, या," विक्की म्हणाला आणि रंगांचा कागद त्यांच्या हातात दिला. गोविंदा रस्त्यापलीकडे चहाच्या टपरीवर उभा होता.

मग पायल आली. तोंडाला स्कार्फ, खाली गोविंदाची काळी गाडी. "गाडी विकायची हाये," म्हणाली. "कागद भाऊजी घेऊन येऊन राहिले."

विक्कीने गाडीकडे बघितलंच नाही. त्याने पायलकडे बघितलं. एकटी पोरगी आहे, एवढं त्याला पुरलं. पेचकस काढला, इंजिनवर टेकवला, मूठ कानाला लावली, डोळे मिटले. मी सासूबाईंच्या हातावर हात ठेवला.

"बुरा नका मानू, मॅडम," विक्की म्हणाला, "पण ही गाडी तुमच्या घरी आली तवाच खराब होती. इंजन खुललेलं हाये. क्रँक बदललेला हाये, आवाजच सांगून राहिला ना."

शब्द तेच. चालसुद्धा तीच. सासूबाईंनी रंगांचा कागद गुडघ्यावर ठेवला.

"क्रँक बदललेला हाये म्हणतात!" अशी पायलने हाक मारली आणि गोविंदा रस्ता ओलांडून आला. त्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता, आमच्या भांडणाचं नाही, त्याला स्वतःच्या गाडीचं पडलं होतं. "माह्या गाडीचा क्रँक गेला?" तो ओरडला. "विक्कीभाऊ, तुमीच देल्ली ना मले! हात लागला नाही म्हणे! आईची कसम खाल्ली होती!" त्याने सीट उघडली. आत विक्कीच्या दुकानाचा स्टिकर होता, लाल आणि पिवळा, गणपतीसकट.

दुकानात दोन-तीन गिऱ्हाइकं होती, तीही वळली. विक्की म्हणाला, "अरे, आवाज कधीकधी तसा येते..."

सासूबाई उठल्या. गुडघ्यावर हात देऊन, हळूहळू, पण उठल्या. "बेटा," त्या म्हणाल्या, "तू तवा खोटं बोलला का आता?"

"मावशी, धंद्यात थोडंबहुत बोला लागते. भाव पाडासाठी सगळेच म्हणतात. त्यात काय एवढं?" मग माझ्याकडे वळून, "चला मॅडम, तुमच्या गाडीचा रेट वाढवून देतो. खुश करून टाकतो."

"रेट नोको सांगू," सासूबाई म्हणाल्या. "माह्या इवायाले फोन लाव. हिच्या बापाले. सांग त्याले, मी खोटं बोललो म्हणून."

विक्की खरंच गोंधळला. "त्यांचं काय, मावशी? त्यांले मी काय बोललो?"

त्याला आठवतच नव्हतं! दिवसातून दहा जणांना म्हणायचं ते वाक्य. आमच्या घरात ते आठवडाभर जेवायला बसत होतं, आणि त्याच्या लक्षातसुद्धा नव्हतं. तेव्हा मात्र माझा तोल गेला. "तुह्या एका वाक्यानं माहा बाप हात जोडून बसला होता रे माह्या घरी!" मी ओरडले. "इस्त्रीचा शर्ट घालून बसला होता! त्याचा रेट सांग. किती देतो त्याचे?"

"मॅडम, पाणी घ्या," तो म्हणाला. गोविंदाने त्याची कॉलर धरली तेव्हा आम्ही बाहेर पडलो. त्या दोघांचं पुढे काय झालं ते ऐकायला मी थांबले नाही.

बाहेर आमची गाडी उभी होती. मी म्हटलं, "आई, तुमच्यासाठी ऑटो करते."

"ऑटो नोको. खापरखेड्याले चाल. याच गाडीवर."

"तुमचे गुडघे, आई..."

"चाल म्हटलं ना वं."

पायलने त्यांना धरून बसवलं. वाटेत त्या दोनदा कळवळल्या, पण थांब म्हणाल्या नाहीत. कोराडीच्या पुढे खापरखेड्याच्या वीज केंद्राच्या चिमण्या दिसायला लागल्या तेव्हा माझ्या खांद्यावरचा त्यांचा हात घट्ट झाला. "मीच फोन केला होता," त्या मागून म्हणाल्या. खरं सांगायचं तर माझा राग अजून उतरला नव्हता.

बाबा ओट्यावर होते. सासूबाई गाडीवरून उतरल्या त्या लंगडतच त्यांच्यासमोर गेल्या आणि या वेळी त्यांनी हात जोडले. "भाऊ, माही चूक झाली. तो डीलर लबाड निघाला. तुमची गाडी नवीच होती. मी उगाच तुमाले फोन केला."

"अरे, ताई, हात काहून जोडता!" बाबांचा चेहरा फुलला. ते हसले, आत ओरडून माझ्या आईला चहा ठेवायला सांगितलं, सासूबाईंना गुडघ्याखाली उशी दिली. मी सगळा प्रसंग रंगवून सांगितला, विक्कीची नक्कल केली, गोविंदाचा चेहरा करून दाखवला. बाबा डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. सासूबाई म्हणाल्या, "गाडी आता विकाचीच नाही. मी बसतो तशीच." मला वाटलं, संपलं एकदाचं. जे मोडलं होतं ते सगळं जागेवर बसलं.

चहा पिता पिता बाबा उठून बाहेर गेले. थोड्या वेळाने गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. बराच वेळ ती जागेवरच चालू राहिली, म्हणून मी कप ठेवून बाहेर डोकावले.

बाबा गाडीशेजारी उकिडवे बसले होते. पेचकसाचं टोक त्यांनी इंजिनवर टेकवलं होतं, मूठ कानाला लावली होती आणि डोळे मिटले होते.

"नंदे," मला पाहून ते हळूच म्हणाले, आत ऐकू जाऊ नये असं, "इकडं ये वं. थोडासा येतेच ना आवाज?"

मी त्यांच्याजवळ बसले आणि कान दिला. गाडी आठ वर्षं चालत होती तशीच चालत होती.

"नाही येत, बाबा," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली, पेचकस थोडा बाजूला सरकवला आणि पुन्हा कानाला लावला.