शंभर टक्के जुना ब्राउझर

सेनगावच्या बस स्टँडसमोर सत्यशीलाचं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान होतं. पुसेगावकडचे मसाजी मामा त्या आठवड्यात तिसऱ्यांदा जीपनं तिथं आले होते. शेळी-मेंढी योजनेचा अर्ज करायचा होता आणि मुदत दुसऱ्या दिवशी संपणार होती. आधार, जातीचा दाखला, कळपात उभं राहून काढलेला फोटो, सगळं पिशवीत तयार होतं. पण योजनेची वेबसाइट उघडली की लाल पाटी यायची: 'आपला ब्राउझर चालणार नाही. कृपया जुना ब्राउझर वापरावा.'

तो जुना ब्राउझर तयार करणाऱ्या कंपनीनंच बंद करून टाकलेला. नव्या कॉम्प्युटरवर तो मिळायची सोय नव्हती. सत्यशीलानं मदत क्रमांक लावला, तर पलीकडून उत्तर आलं, "मॅडम, पाटीवरची सूचना वाचा." ती वाचूनच फोन केलाय, हे सांगेपर्यंत फोन बंद झाला होता.

मग तिला अशी फॉर्म भरायची केंद्रं चालवणाऱ्यांच्या ग्रुपवर आलेला एक व्हिडिओ आठवला. तिनं दोनचार बटणं दाबली, तशी पडद्याच्या कडेला इंग्रजी अक्षरांची दाटी झाली.

"काय करून राहिलीस, माय?" मसाजी मामा खुर्ची पुढं ओढत म्हणाले.

"मामा, वेबसाइटच्या दारात गेलं की आपला ब्राउझर आधी सोताचं नाव सांगतो. ते ऐकून ती आत घेती, न्हाईतर हाकलती. मी त्याला खोटं नाव सांगायला लावून राहिले."

"आजवर खरं सांगत होता?"

सत्यशीलानं पडद्यावरची ब्राउझरच्या नावाची ओळ नीट वाचली आणि तिला हसू फुटलं. "न्हाई की! सुरुवातीलाच म्हणतो मी मोझिला, मधी म्हणतो गेकोसारखा, शेवटी सफारी. समदी दुसऱ्यांचीच नावं. पूर्वी वेबसाइटी अनोळखी ब्राउझरला दारातून परत लावायच्या, तवापासून समद्यांनी एकमेकांची नावं लावून घेतली."

तिनं ती ओळ पुसली, जुन्या ब्राउझरचं नाव टाकलं आणि पान पुन्हा उघडलं. लाल पाटी गेली. अर्ज समोर आला.

"कागद मागितला न्हाई?" मसाजी मामांनी विचारलं.

"न्हाई."

"नुसतं म्हणलं, अन् मानलं?"

"व्हय."

मामांनी मांडीवरच्या पिशवीकडं पाहिलं. "मंग मलाच काहून मागतेत? जलमल्यापासून मेंढरं राखून राहिलो. तरी म्हणतेत, मेंढरासंगं उभा राहून फोटू दे."

सत्यशीलानं अर्ज भरला आणि पावती काढून दिली. संध्याकाळी ही युक्ती ग्रुपवर पुन्हा सविस्तर लिहून टाकली. आठवडाभरात हट्ट्यापासून पुसेगावापर्यंत सगळ्या केंद्रांवरचे ब्राउझर म्हातारे झाले.

दोन महिन्यांनी हिंगोलीत केंद्रचालकांची बैठक झाली. वेबसाइटचं काम पाहणारे विश्वंभर साहेब नवाकोरा लॅपटॉप घेऊन आले होते. त्यांनी भिंतीवर एक गोल आकृती दाखवली. सगळा गोल एकाच रंगाचा.

"बघा," साहेब म्हणाले, "काही लोकांची तक्रार होती की वेबसाइट जुनी झाली. आम्ही नोंदी तपासल्या. आपले शंभर टक्के वापरकर्ते जुनाच ब्राउझर वापरतात. ग्रामीण जनतेची आवड आपण ओळखली. त्यामुळं वेबसाइट बदलायची गरज नाही."

टाळ्या पडल्या. गप्प बसायचं असं सत्यशीलानं ठरवून ठेवलं होतं, पण 'आवड' हा शब्द तिला सोसला नाही. ती उभी राहिली.

"साहेब, ती आमची आवड न्हाई. आमी खोटं नाव सांगून आत येऊन राहिलो. दुसरं कोनी आत येऊच शकत न्हाई, तर नोंदीत दुसरं कोन दिसंल?"

"मॅडम, नोंदी खोटं बोलत नाहीत."

"मंग तुमच्याच लॅपटॉपवर उघडून दाखवा."

साहेबांनी तोऱ्यात पत्ता टाकला. भिंतीवर हातभर लाल पाटी आली: 'आपला ब्राउझर चालणार नाही.' मागच्या रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं, आणि मग सगळं सभागृहच हसत सुटलं. ज्या वेबसाइटचं कौतुक चाललं होतं, ती साहेबांनी स्वतः कधी उघडलीच नव्हती.

साहेबांनी प्रोजेक्टरची वायर काढली. चहा सांगितला. गर्दी कपांकडं वळल्यावर ते सत्यशीलाजवळ आले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "ते नाव कसं बदलायचं, जरा दाखवता का?"

तिनं दाखवलं. साहेबांनी डायरीत बारीक अक्षरात लिहून घेतलं. वेबसाइट आता दुरुस्त होईल, असं वाटून ती परतीच्या एसटीत खुशीत बसली.

मसाजी मामांचा अर्ज मंजूर झाला नाही. फोटोतली मेंढरं स्पष्ट दिसत नाहीत, आठ दिवसांत नवा फोटो जोडावा, असा शेरा पडला. त्याच सुमारास सगळ्या केंद्रांना साहेबांच्या सहीचं परिपत्रक आलं. पहिलं कलम होतं, अर्जात खोटी माहिती दिल्यास कारवाई होईल. दुसऱ्या कलमात, ब्राउझरचं नाव कसं बदलायचं ते पायरीपायरीनं, चित्रांसकट दिलं होतं.

सत्यशीलानं ते दोनदा वाचलं. मग मामांना फोन लावून म्हणाली, "मामा, मेंढरं उजेडात उभी करा. मी येऊन राहिले फोटो काढायला."