कृपया चाटू नये

"म्हणजे तुम्ही शिकवल्यावर मुलांना आधीपेक्षा कमी कळतं?" प्राचार्यबाईंनी चष्मा कपाळावर सारला.

सरांनी घसा खाकरला. भूशास्त्राची तोंडओळख करून देणारा हा अभ्यासक्रम त्यांनी एकट्याने उभा केला होता, आणि त्याचं फलित मोजणारी प्रश्नावलीही त्यांचीच होती. स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घ्यायचाच, तर तो निदान आपल्या विषयातला असावा.

पहिल्या तासाला त्यांनी विचारलं होतं, पृथ्वीच्या पोटात काय आहे हे तुम्हाला कितपत माहीत आहे? झाडून साऱ्यांनी 'पूर्णपणे'वर खूण केली होती. वर्षअखेरीस तीच मुलं 'थोडंफार'वर उतरली होती.

"मॅडम, तेव्हा त्यांना काहीच माहीत नव्हतं, म्हणून सगळं माहीत होतं. आता कुठे प्रश्न पडायला लागलेत."

"हे आकड्यांत कुठे दिसतं?"

"आकड्यांत नाही दिसत. तुम्ही वर्गात येऊन बघा ना. मी पुन्हा चाचणी घेतो, सुट्टीत घेतो. एक वर्ष द्या, मॅडम. एकच." आवाज नको तेवढा रडका निघाला, हे त्यांचं त्यांनाच ऐकू आलं.

"समितीने आलेख बघितला, सर. खाली जातोय. तुमच्या खोलीत संभाषणकौशल्याचा वर्ग येतोय, आजच मोकळी करून द्या. तुम्ही परीक्षा विभागात या. बैठकव्यवस्था बघा."

डोंगर कसे उभे राहतात ते सांगणाऱ्या माणसाने आता बाकांवर क्रमांक चिकटवायचे होते.

खोलीत शिपाईमामा दगड रद्दीत गुंडाळत बसले होते. "सर, काळे वेगळे बांधू का?"

"एकत्रच बांधा. कोण उघडणार आहे?"

"आणि हा खण रिकामाच की हो!"

रिकामा नव्हता. कोपऱ्यात वाटाण्याएवढा पांढुरका खडा होता, आणि त्याच्यापुढे सरांच्या अक्षरातली चिठ्ठी : 'खाणीतले मीठ. कृपया चाटू नये.' पहिल्या वर्षी तो मुठीत मावत नव्हता.

"हा एवढासा कसा झाला, मामा?"

मामा ओशाळले. "पोरं चाटतात. तुमची पाठ वळली रे वळली, की रांग! किती ओरडलो. परवा एक पोरगी मलाच म्हणते, सरांनी सांगितलं म्हणून खरं मानायचं का? खात्री नको करायला?"

सर खडा घेऊन तडक दारापर्यंत गेले. प्राचार्यबाईंचं दार समोरच होतं, उघडंही होतं. तिथेच ते थबकले. समितीला हाही आलेख खालीच जाताना दिसला असता.

"मामा, सुतळी आणता जरा?"

मामा गेल्यावर सरांनी दार लोटलं, भिंतीकडे तोंड केलं, आणि खडा जिभेवर ठेवला.

मामा परतले. "त्या खणातलं राहिलं का काही?"

"संपलं," सर म्हणाले, आणि चिठ्ठीची घडी घालून वरच्या खिशात ठेवली.